पहिल्या पसंतीत पुढे, तरीही अपुरे : १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा अभ्यास

२० ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील पहिल्या पसंतीची मते मोजून झाली, तेव्हा अपक्ष उमेदवार वराहगिरी व्यंकट गिरी यांच्या नावावर ४,०१,५१५ मते होती आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ मतांवर होते. लोकसभेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक असती, तर गुलाल तिथेच उधळला गेला असता. राष्ट्रपतिपदासाठी मात्र नुसते सर्वांच्या पुढे असणे पुरत नाही. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, आणि गिरी त्या आकड्यापासून १६,६५४ मतांनी दूर होते. म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिका पुन्हा हातात घेऊन त्यांच्यावरची पुढची पसंती पाहावी लागली. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अशी वेळ आजवर एकदाच आली, ती याच वर्षी.

या निवडणुकीविषयी मराठीत एक वाक्य वारंवार ऐकू येते : चिंतामणराव देशमुखांच्या दुसऱ्या पसंतीच्या मतांनी गिरी राष्ट्रपती झाले. वाक्य सोपे आहे, त्यात एक मराठी माणूसही आहे, म्हणून ते टिकून राहिले असावे. आकडे नीट मांडले तर ते अर्धेच खरे ठरते, आणि त्यातला चुकीचा अर्धा भागच या निवडपद्धतीविषयी अधिक शिकवून जातो.

मत कोणाचे आणि केवढ्या वजनाचे

राष्ट्रपतीची निवड जनता थेट करत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून एक निर्वाचकगण तयार होतो आणि तो राष्ट्रपती निवडतो. नामनिर्देशित खासदारांना यात मत नाही, विधान परिषदेच्या सदस्यांनाही नाही. संविधान सभेत के. टी. शहा यांनी थेट निवडणुकीचा आग्रह धरला होता. नेहरूंचा युक्तिवाद असा होता की, खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती ठेवायची आणि तरीही राष्ट्रपतीला कोट्यवधी मतदारांकडून थेट निवडून आणायचे, हे विसंगत ठरेल. उलट केवळ संसदेने निवडले, तर केंद्रात बहुमत असलेल्या पक्षाचाच माणूस तिथे बसेल. राज्यांच्या विधानसभांना सोबत घेण्यामागे हा विचार होता.

एकदा राज्ये आत घेतली की वजनाचा प्रश्न येतो. उत्तर प्रदेशाचा आमदार आणि छोट्या राज्याचा आमदार यांच्या पाठीशी असलेली लोकसंख्या सारखी नसते. म्हणून अनुच्छेद ५५ ने एक हिशेब घालून दिला आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे, येणाऱ्या आकड्यात एक हजार जितक्या वेळा बसतील तितके त्या राज्याच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य, आणि उरलेली बाकी पाचशेहून कमी नसेल तर त्यात एकाची भर. १९६९ मध्ये १९६१ च्या जनगणनेचे आकडे लागू होते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ आणि विधानसभेच्या जागा २७०. भागाकार येतो १,४६,४९५. म्हणजे मूल्य १४६ आणि बाकी ४९५. अवघे पाच कमी पडल्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १४७ चे होऊ शकले नाही, आणि २७० आमदारांचा हिशेब केला तर ही तूट २७० मतांची होते. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत तेव्हा १७४ मूल्याचे होते.

खासदाराचे मूल्य वेगळ्या वाटेने येते. सर्व राज्यांच्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचे. त्यामुळे सगळ्या विधानसभा एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या पारड्यात घातली, तर तराजू जवळजवळ सरळ राहतो. १९६९ मध्ये हे मूल्य ५७६ होते. एका खासदाराचे मत महाराष्ट्राच्या जवळपास चार आमदारांच्या मतांइतके भरत होते. गोव्यातील वाचकांसाठी एक नोंद येथेच करून ठेवावी : गोवा, दमण व दीव हा तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता आणि अनुच्छेद ५४ मध्ये तेव्हा केवळ राज्यांच्या विधानसभांचा उल्लेख होता, त्यामुळे पणजीतील विधानसभेला या निवडणुकीत मतच नव्हते.

शेवटचा भाग मतपत्रिकेचा. मतदार फुली मारत नाही, नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आजच्या नियमांनुसार हे आकडे कोणत्याही भारतीय भाषेतले चालतात, अक्षरांत लिहिलेले मात्र चालत नाहीत. पहिली पसंती लिहिणे बंधनकारक आहे, पुढच्या पसंती लिहायच्या की नाही हे मतदाराच्या मर्जीवर. कोणालाही ठरलेला कोटा, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून अधिकचा आकडा, गाठता आला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरील पुढच्या पसंतीप्रमाणे, पूर्ण मूल्यानिशी, उरलेल्यांत वाटल्या जातात. संविधानात याला प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत म्हटले आहे. एकाच पदासाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व कसले, हा आक्षेप मला योग्य वाटतो; तरीही नाव बाजूला ठेवले तर पद्धतीचे काम स्पष्ट आहे : निम्म्याहून अधिक वजनाचा पाठिंबा असलेला माणूस शोधणे.

अमेरिकेच्या पद्धतीलाही आपण मराठीत निर्वाचकगणच म्हणतो, पण कोंडी झाल्यावर दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. तेथे ५३८ निर्वाचकांपैकी निम्म्याहून अधिक कोणाकडेच नसतील तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. भारतात तीच कोंडी मतपत्रिकेवर आधीच लिहून ठेवलेल्या दुसऱ्या आकड्याने सुटते. कोणाकडे पुन्हा जावे लागत नाही, सौदा करायला वेळही उरत नाही. योगायोग असा की, १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांच्या ४६ निर्वाचक मतांमुळे अशी कोंडी होते की काय, या शंकेतून बाहेर पडून अध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन जुलै १९६९ च्या अखेरीस दिल्लीत आले, तेव्हा राष्ट्रपती भवनात निवडून आलेला राष्ट्रपतीच नव्हता.

पद रिकामे झाले

राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असताना निधन झाले. असे पहिल्यांदाच घडत होते. उपराष्ट्रपती गिरी यांनी त्याच दिवशी राष्ट्रपतींचे काम हाती घेतले, आणि मृत्यूमुळे रिकामे झालेले पद सहा महिन्यांच्या आत निवडणुकीने भरणे संविधानानुसार आवश्यक होते. उपराष्ट्रपतीच्याही अनुपस्थितीत काय करायचे, याची तरतूद नव्हती. ती संसदेने त्याच महिन्यात कायदा करून केली आणि ही जबाबदारी सरन्यायाधीशांकडे सोपवली. गिरींनी निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला, तेव्हा या कायद्याचा पहिला उपयोग झाला. सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे त्या दिवसापासून २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचे काम पाहत होते. विदर्भातील वाचक त्यांना नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश म्हणून ओळखत असतील.

रिकामे झालेले पद एरवी शांतपणे भरले गेले असते. परंतु १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर काँग्रेसची घडी विस्कटली होती. लोकसभेत २८३ जागा, म्हणजे बहुमत काठावरचे; अनेक राज्ये हातातून गेलेली; आणि पक्षात एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी, तर दुसऱ्या बाजूला अध्यक्ष एस. निजलिंगप्पा, कामराज, अतुल्य घोष, मुंबईचे स. का. पाटील ही ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखली जाणारी ज्येष्ठ मंडळी. अशा काळात राष्ट्रपती कोण, हा प्रश्न शोभेचा राहत नाही. पंतप्रधानाची नेमणूक, त्रिशंकू स्थितीत कोणाला बोलवायचे, लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला स्वीकारायचा की नाही, या साऱ्या ठिकाणी त्या खुर्चीवरच्या माणसाचा कल महत्त्वाचा ठरणार होता.

जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि १२ जुलैला संसदीय मंडळात उमेदवारीवर मतदान झाले. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले होते. मंडळाने चार विरुद्ध दोन मतांनी लोकसभेचे अध्यक्ष संजीव रेड्डी यांना पसंती दिली. त्या चारांपैकी एक मत यशवंतराव चव्हाणांचे होते. महाराष्ट्रातील काँग्रेसवर त्यांची जी पकड होती ती पाहता, हे मत केवळ एका सदस्याचे मानले गेले नाही, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्या राजकारणाची चर्चा याच मतापाशी येऊन थांबत राहिली.

त्यानंतरचा आठवडा धावपळीचा होता. १३ जुलैला गिरींनी अपक्ष उभे राहण्याचे जाहीर केले. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि त्यांनी मंत्रिमंडळ सोडले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही होती ती दुसऱ्याच दिवशी पद सोडणाऱ्या गिरींची. मतदानापूर्वी महिनाभर आधी देशभर ज्या निर्णयाने उत्साह निर्माण झाला, त्या निर्णयावर एका उमेदवाराची सही असावी, हे त्या काळात अनेकांना खटकले होते. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते.

तिसरा उमेदवार

स्वतंत्र पक्ष आणि भारतीय जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. मराठी माणसाच्या मनात ते राहिले ते १९५६ च्या राजीनाम्यामुळे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाचा निषेध म्हणून त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते.

या प्रकरणातील सर्वांत मोठी विसंगती येथेच आहे. देशमुखांना पाठिंबा देणाऱ्या पक्षांना त्यांच्याच राज्यात जवळजवळ स्थान नव्हते. १९६७ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेत काँग्रेसचे २०३ सदस्य होते, शेतकरी कामगार पक्षाचे १९, कम्युनिस्ट पक्षाचे १०. जनसंघाचे फक्त ४, आणि स्वतंत्र पक्षाचा एकही नाही. या दोन पक्षांचे बळ गुजरात, राजस्थान, ओरिसा, मध्य प्रदेश या पट्ट्यात आणि लोकसभेत होते. १९६७ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाने लोकसभेच्या ४४ आणि जनसंघाने ३५ जागा जिंकल्या होत्या. ५७६ च्या भावाने या ७९ खासदारांचेच मूल्य ४५,५०४ होते. थेट निवडणूक झाली असती तर मुंबई आणि महाराष्ट्राने देशमुखांना किती मते दिली असती, हा वेगळाच प्रश्न आहे. निर्वाचकगणात मात्र लोकांची आठवण मोजली जात नाही, सभागृहातील जागा मोजल्या जातात.

देशमुखांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी यासाठी निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. पसंतीक्रमाच्या पद्धतीत यात गैर काहीच नाही. किंबहुना दुसऱ्या पसंतीसाठी प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाणे हाच या पद्धतीचा स्वभाव आहे. परंतु इंदिरा गांधींच्या गटाने याच भेटीचे हत्यार केले. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पक्षाध्यक्षांना पत्र लिहून उजव्या पक्षांशी झालेल्या या बोलण्यांचा जाब विचारला. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिरा गांधींनी संसदीय पक्षाच्या नेत्या या नात्याने रेड्डींच्या बाजूने पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि सदस्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, अशी भूमिका घेतली. मतदान गुप्त होते आणि पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सोळा वर्षे होती. १६ ऑगस्टला, शनिवारी, खासदारांनी आणि आमदारांनी मतदान केले.

मोजणी

एकूण वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७ भरले. त्याच्या निम्म्यात एक मिळवून कोटा आला ४,१८,१६९. गिरी आणि रेड्डी यांचे पहिल्या पसंतीचे आकडे वर दिलेच आहेत. देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. उमेदवार एकूण पंधरा होते आणि उरलेल्या बारा जणांच्या वाट्याला मिळून ८,५०५ मते आली. त्यांत पुण्याचे दलित नेते पां. ना. राजभोज यांच्या नावावर ८३१ मते होती. पाच उमेदवारांना एकही मत मिळाले नाही. एकाला नेमकी ५७६ मिळाली. मतपत्रिका गुप्त असली तरी अशा आकड्यापुढे वाचक थबकतो, कारण एका खासदाराच्या मताचे मूल्य तेवढेच होते. दुसऱ्या एकाची ९४ मतेही अशीच बोलकी आहेत. हरियाणाच्या एका आमदाराच्या मताचा हिशेब बरोबर तितकाच येतो.

या बाद होत गेलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिका खालून वर एकेक करून वाटल्या गेल्या आणि सर्वांत शेवटी देशमुखांचा गठ्ठा उघडला गेला. अखेर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. गिरी कोट्याच्या वर गेले ते १,९०८ मतांनी, म्हणजे साडेतीन खासदारांच्याही वजनाचे नाही. दोघांतील अंतर १४,६५० राहिले.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत जाऊ. देशमुख आणि इतर यांची मिळून १,२१,२७४ मते वाटपासाठी होती. त्यांपैकी रेड्डींकडे ९१,८७९ गेली आणि गिरींकडे १८,५६२. उरलेल्या १०,८३३ मतांच्या पत्रिकांवर या दोघांपैकी कोणाचीही पुढची पसंती नव्हती, त्यामुळे ती बाजूला पडली. म्हणजे दर शंभर मतांमागे साधारण शहात्तर रेड्डींना, पंधरा गिरींना आणि नऊ कोणालाच नाही. देशमुखांच्या मतदारांनी गिरींना राष्ट्रपती केले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांनी मोठ्या प्रमाणात रेड्डींनाच हात दिला. निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती. ज्या बोलण्यांवरून पक्षात एवढे रण माजले, त्यांचे अपेक्षित फळ मतपत्रिकांवर उमटलेले दिसते, फक्त ते पुरेसे नव्हते.

किती अपुरे, तेही मोजता येते. पहिल्या पसंतीनंतर रेड्डी ८७,९६७ मतांनी मागे होते. ज्या मतपत्रिकांवर पुढची पसंती होती, त्यांचे मूल्य १,१०,४४१. त्यातून गिरींना मागे टाकायचे तर रेड्डींना त्यातील दर दहापैकी नऊ मते मिळायला हवी होती. मिळाली आठाहून थोडी अधिक. कोऱ्या राहिलेल्या १०,८३३ मतांविषयी तर कितीतरी हळहळ व्यक्त झाली असेल. पण ती सारीच्या सारी रेड्डींच्या नावावर धरली, तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० होते, गिरींच्या खालीच.

आणखी एक गैरसमज १,९०८ या आकड्याभोवती आहे. तो पाहून वाटते की, चार खासदारांनी गिरींना दुसरी पसंती दिली नसती तर निकाल फिरला असता. नियम तसा नाही. कोटा कोणालाच गाठता आला नाही, तर बाद करण्याचे काम शेवटचा एक उमेदवार उरेपर्यंत चालू राहते, आणि शेवटच्या दोघांत गिरीच पुढे होते. ते कोट्याखाली राहूनही निवडून आले असते. निकाल फिरवण्यासाठी मते केवळ कोरी राहून भागले नसते, ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकायला हवी होती, आणि ७,३२६ मूल्याची मते सरकायला तेरा खासदार लागले असते. महाराष्ट्राच्या आमदारांच्या भावाने पाहिले तर एक्कावन्न. चुरशीची निवडणूक होती यात शंका नाही, पण ‘चार मतांवर राष्ट्रपती ठरला’ इतकीही नव्हती.

मग ही मते खरी फुटली कोठे? उत्तर पहिल्या पसंतीच्या रकान्यात आहे. १९६७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे झाकीर हुसेन यांना ४,७१,२४४ मते मिळाली होती आणि सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन विरोधकांतर्फे उभे राहिलेले के. सुब्बाराव यांना ३,६३,९७१. खासदाराच्या मताचे मूल्य दोन्ही वेळी ५७६ होते. दोन वर्षांनी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराला मिळालेली पहिल्या पसंतीची मते हुसेन यांच्यापेक्षा १,५७,६९६ ने कमी होती; एवढेच नव्हे, तर पराभूत सुब्बाराव यांच्यापेक्षाही ५०,४२३ ने कमी होती. तुलना करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे : फेब्रुवारी १९६९ मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि पंजाब येथे मध्यावधी निवडणुका होऊन तेथील आमदार बदलले होते, त्यामुळे सारी घट पक्षातील फुटीच्या खात्यावर टाकता येणार नाही. तरीही दीड लाखाची दरी चार विधानसभांतील चढउतारांनी भरून निघत नाही. कम्युनिस्टांचे दोन्ही पक्ष, द्रमुक, अकाली दल यांच्या मतांवर गिरी चार लाखांपर्यंत पोहोचू शकत नव्हते. त्या बेरजेत काँग्रेसच्या बाकांवरून आलेला हिस्सा मोठा होता.

पसंतीक्रमाच्या नियमाने विजेता बदलला का, असा नेमका प्रश्न विचारला तर उत्तर नाही असे येते. ज्याला सर्वाधिक मते तो निवडून आला, असा साधा नियम असता तरी पहिल्या मोजणीत गिरीच विजयी होते. नियमाचा परिणाम मोजणीपेक्षा उमेदवारीवर झाला, असे मला वाटते. साध्या बहुमताचा नियम असता, तर देशमुखांना मत म्हणजे गिरींना मदत, हे जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने पहिल्याच दिवशी ओळखले असते आणि त्यांना देशमुखांना उभे करण्याआधी दहा वेळा विचार करावा लागला असता. दुसऱ्या पसंतीची सोय असल्यामुळे आपला माणूसही उभा करता येतो आणि शेवटी नको असलेल्याला अडवताही येते, असा हिशेब शक्य झाला. हिशेबाची पहिली बाजू नीट जमली. दुसऱ्या बाजूत अडचण ही होती की, ज्याला अडवायचे तो कोट्यापासून फक्त १६,६५४ वर उभा होता आणि ज्याला पुढे आणायचे त्याला १,०४,६२१ हवी होती.

निकालानंतर

गिरींनी २४ ऑगस्टला शपथ घेतली. काँग्रेसमधील भांडण निकालाने मिटले नाही. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधींना पक्षातून काढण्याचा निर्णय झाला आणि पक्ष दुभंगला.

निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, कारण अनुच्छेद ७१ नुसार अशा वादाचा निवाडा तेथेच होतो. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक मतदारांत फिरवले गेले आणि त्यामुळे मतदानावर अनुचित प्रभाव पडला, हा त्यातील मुख्य आरोप होता. पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः साक्ष देण्यासाठी न्यायालयात हजर राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. न्यायालयापुढील या कामकाजात एक गोष्ट ठळक झाली : मतदार चार-पाच हजारांच्या घरात असले आणि सारे कसलेले राजकारणी असले, तरी त्यांच्यावरही प्रभाव टाकण्याचे प्रयत्न होतात आणि कायद्याला ते तपासावे लागतात.

कायद्यातील बदल १९७४ मध्ये आला. उमेदवारी अर्जासाठी दहा सूचक आणि दहा अनुमोदक आणि २,५०० रुपयांची अनामत आवश्यक झाली, आणि निवडणुकीला आव्हान देण्याचा अधिकार उमेदवार किंवा किमान वीस मतदारांपुरता राहिला. १९९७ मध्ये सूचक व अनुमोदकांची संख्या प्रत्येकी पन्नास आणि अनामत १५,००० रुपये करण्यात आली. पंधरापैकी पाच उमेदवारांना शून्य मते, हे १९६९ चे दृश्य त्यामुळे कमी झाले. मतमूल्याच्या हिशेबासाठी लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्यात आली आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचे मत आज १७५ चे धरले जाते, आणि २०२२ मध्ये खासदाराचे ७०० होते. पक्षादेशाचा प्रश्न मात्र होता तेथेच आहे. पक्षांतरबंदीचा कायदा आला तरी राष्ट्रपतिपदाच्या मतदानाला तो लागू होत नाही आणि पक्षांना त्यासाठी आदेश काढता येत नाही. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभा पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून त्यांना मते दिली, आणि ती देताना कोणाचेही सदस्यत्व धोक्यात आले नाही.

संजीव रेड्डी १९७७ मध्ये पुन्हा उमेदवार झाले. त्या वेळी सदतीस जणांचे अर्ज आले होते. छाननीत छत्तीस बाद झाले, आणि ज्या माणसाने आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या पसंतीच्या शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत वाट पाहिली होती, त्याच्यासाठी मतपत्रिका छापण्याचीही गरज पडली नाही.